साथीच्या दिवसांत वाड्यातल्या दिव्यांग भाडेकरूला गावी धाडायचं का? सल्ला हवाय

रानजाई
नमस्कार मंडळी. आमचा वाडा संभाजीनगरच्या जुन्या भागात, खाली सहा खोल्या वर चार, मधे चौक, नळ एक आन् संडास दोन. नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, त्यामुळं प्रत्येकाच्या दारात निळा ड्रम असतोच. गेल्या पंधरवड्यात वाड्यात दोघांना डेंग्यू निघालाय, तिसऱ्याचा रिपोर्ट यायचाय.
खाली तीन नंबरमधे एक पोरगा राहतो, जालन्याकडचा, पूर्ण अंध, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याच्या रूम पार्टनरलाच ताप आला आन् तो गावी गेला. आता हा पार्टनरच त्याला मेसपर्यंत न्यायचा, पाणी भरायचा, कपडे वाळत घालायचा. काल घरमालक म्हणाले, साथ जाईस्तोवर ह्यालाबी गावाकडं धाडून द्या, काय कमीजास्त झालं तर आपल्या अंगलट येईल. सगळ्यांनी माना हलवल्या. मीबी गप्प बसले, आन् रात्रभर झोप नाही लागली. परीक्षा एक महिन्यावर आहे त्याची. गावी ना नेट धड ना वाचून दाखवणारं कुणी.
ज्यांच्या वाड्यात, होस्टेलात, कॉट बेसिसवर असे कुणी राहतात त्यांनी साथीत काय केलं? मनापासून विचारतेय.

तूरडाळ
ताई आधी एक सांगा, त्या पोराला कुणी विचारलं का?

रानजाई
नाही. लिहिताना आत्ता लक्षात आलं.

टेथस्कोप
मी अंबाजोगाईकडं प्रॅक्टिस करतो. आधी एक गोष्ट मोकळी करू. डेंग्यू माणसाकडून माणसाला शिवून, खोकून, एका ताटात जेवून होत नाही. तो एडिस डास चावून होतो, आणि हा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणजे तुमच्या त्या निळ्या ड्रमातच. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे पोराला गावी धाडून वाड्यातला डेंग्यू एका माणसानंसुद्धा कमी होणार नाही. उलट त्याला ताप चढायच्या बेतात असेल आणि तो गावी गेला, तर तिथले डास त्याला चावून तिकडं साथ लावतील. बाहेर काढायचंच असेल तर ड्रममधल्या अळ्या काढा.
ज्यांना ताप आहे त्यांना दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. लोक रात्री मच्छरदाणी लावतात आणि दुपारी ओसरीत उघडे झोपतात.

परभणीचा_वाडामालक
मालकांना एवढं वाईट ठरवू नका. माझ्याकडं चौदा भाडेकरू आहेत. २०२० ला एकाला कोरोना निघाला तर गल्लीतले लोक माझ्या दारात येऊन उभे, म्हणे वाडा रिकामा करा. माझ्याकडं एक पोलिओचे मास्तर राहायचे, कुबड्यांवर चालायचे. मी त्यांना हात जोडून म्हणलो सर तुम्ही बहिणीकडं जा. माझा हेतू चांगला होता. त्यांना कुणी पाणी आणून देईना, डबेवाली बंद, मी एकटा किती पुरणार? हे प्रश्न मालकाला रात्री झोपू देत नसतेत. सल्ला देणाराचं काय जातंय.

चाकावरची
वाडामालक काका, तुमचा हेतू चांगला होता हे मी मानते, रागानं लिहीत नाही. पण ऐका माझं.
मी लातूरला ट्यूशन एरियात एका मुलींच्या होस्टेलात तीन वर्षं राहिले. अपघातात पाठीचा मणका गेलेला, कमरेखाली संवेदना नाही, व्हीलचेअर. एका पावसाळ्यात होस्टेलात गॅस्ट्रो आली, टाकीचं पाणी खराब झालं होतं. तीस पोरींत तीन संडास, त्यात एकाच संडासाला माझी खुर्ची आत जायची. आता विचार करा, रात्रीत आठ-दहा वेळा जायचंय, तो एक संडास प्रत्येक वेळी भरलेला, आन् मला थांबायचं म्हणलं तरी थांबता येत नाही कारण मला कळतच नाही. मैत्रिणींना म्हणलं तर त्याच आजारी.
वॉर्डन बाईंनी वडिलांना फोन केला, मुलीला घेऊन जा. माझं गाव उदगीरच्या पुढं, एसटीत जुलाब लागलेल्या पोरीला दोन-अडीच तास कसं नेणार होते? वडील म्हणले मी येतो पण नेत नाही. ते आले, येताना प्लास्टिकची खुर्ची आणली, तिला मधे भोक पाडलेलं, खाली बादली. दोन दिवस खोलीतच ते केलं. त्या खुर्चीला तेव्हा शंभर-दोनशे रुपये लागले असतील. ती आधी असती तर मला ते पहिल्या रात्रीचं सोसावं लागलं नसतं, ते मी लिहीत नाही.
तर माझं म्हणणं एवढंच आहे की आम्ही तुमच्या वाड्यात राहतो ते आमच्या आमच्या हिशोबानं जमवून राहतो. कुणी पाणी देतं, कुणी दार उघडतं, दहा हातांवर आमचा दिवस चाललेला असतो. साथ आली की पहिल्यांदा ते हात जातात, ताप नंतर येतो. तुम्ही वेगळं ठेवता, आन् वेगळं ठेवलं की आमचं सगळंच थांबतं.

गोदाकाठ
चाकावरची ताई, वाचून सुन्न झालो. तुमच्या वडिलांना नमस्कार.
नांदेडचा अनुभव सांगतो. आमच्या गल्लीत एक टेलर राहतेत, जन्मापासून ऐकू-बोलू येत नाही, खोली भाड्याची, एकटे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पॉझिटिव्ह निघाले, घरीच राहा म्हणले. आम्ही सकाळी दार वाजवायचो, त्यांना काय ऐकू येणार? पहिल्या दिवशी डबा दुपारपर्यंत दारात तसाच, आम्हाला वाटलं गेले की काय. मग शेजारच्या इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात आलं, त्यांच्या खोलीच्या बल्बचं बटण बाहेर ओसरीत काढलं. डबा ठेवला की दोनदा बल्ब उघडझाप. ते आतून खिडकीला पाटी लावायचे, पाटीवर ऑक्सिजनचा आकडा लिहिलेला. ९६, ९५, ९६ असं. एका सकाळी ९१ लिहिलं आन् खाली एक प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह अजून डोळ्यासमोर आहे माझ्या. लगेच दवाखान्यात नेलं, बरे झाले. आजबी माझे शर्ट तेच शिवतेत.
दवाखान्यात मात्र सगळ्यांना मास्क, त्यांना ओठ दिसेनात. ते आयुष्यभर ओठ वाचून जगलेले. म्हणून जाताना पाटी-खडू संगं दिला.

तूरडाळ
बल्बची आयड्या भारीच. आमच्याकडं लाईटच नसते त्यामुळं बल्ब उघडझाप आपोआप होतो, टेलरमामा दिवसभर डबे शोधत बसले असते 😄 पण खरंच गोदाकाठ दादा, मस्त माणसं आहात तुम्ही.

नुसताच_वाचक
९१ आणि प्रश्नचिन्ह. 🙏

आशा_कळंबची
मी आशा आहे, धाराशिव जिल्ह्यात. आम्ही कंटेनर सर्व्हे करतो, घरोघर भांडी तपासतो, अळ्या दिसल्या की रिकामं करायला लावतो, रिकामं होण्यासारखं नसेल तर अबेट, म्हणजे अळ्या मारायचं औषध टाकतात, हौद-विहिरीला गप्पी मासे. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणून सांगून सांगून घसा बसतो.
पण दोनशे लिटरचा ड्रम उपडा करणं हे धट्ट्याकट्ट्या माणसाचं काम आहे. म्हातारी बाई, कुबडीवाला माणूस, अंध माणूस, त्यांना 'कोरडा दिवस पाळा' म्हणून पुढच्या घरी जाणं म्हणजे काहीच न सांगणं. मी माझ्या वहीत अशा घरांपुढं लाल खूण करते आन् तिथं शेजारच्या पोराला हाक मारून माझ्यासमोर ड्रम पालथा करून घेते. आतून काथ्यानं घासायचा, नुसतं पाणी ओतून भागत नाही, एडिसची अंडी काठाला चिकटून राहतेत. मग जाड फडकं बांधायचं.
रानजाई ताई, तुमच्या वाड्यात तीन नंबरचा ड्रम गेल्यावेळी कधी रिकामा झाला ते बघून सांगा.

रानजाई
आत्ता बॅटरी घेऊन बघून आले. वळवळतंय. त्याला काय दिसणार, आन् पार्टनर जाऊन बारा दिवस झालेत. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यादेखत. लाज वाटली.

पैठणी_गेट
मूळ दोष पाण्याचा आहे. शेजारी जायकवाडी आणि आम्ही ड्रम भरून बसायचं. रोज पाणी आलं तर कोण साठवतंय? प्रश्न दिव्यांगांचा नाहीच, नळाचा आहे.

उजनी_ते_मांजरा
पैठणी गेट, आम्हा लातूरकरांना सांगता? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आम्हाला, तेव्हा घराघरात तांब्यासुद्धा भरून ठेवलेला असायचा. आमच्या आज्जीनं देवघरातली पंचपात्री पण भरून ठेवली होती. सवयच लागली, अजूनबी पाऊस कितीबी होऊ दे रिकामं भांडं दिसलं की भरून ठेवते.

पैठणी_गेट
तेच म्हणतोय. त्या साठवणुकीतच डास होतात.

व्यवस्थापक
पाणीपुरवठ्यावर वेगळा धागा आहे, तिकडं चालू द्या. इथं मूळ प्रश्नावर या.

टेथस्कोप
काल रात्री चाकावरची ताईंचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट डोक्यात घोळायलीय, ती जरा सविस्तर लिहितो.
डेंग्यूत धोक्याच्या खुणा आम्ही सगळ्यांना सांगतो. पोटात सतत दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, अंगावर लालसर ठिपके, काळी शी, लघवी कमी होणं, खूप सुस्ती किंवा बेचैनी. आणि हे बहुतेक वेळा ताप उतरायला लागल्यावर होतं, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, जेव्हा घरचे म्हणतात चला ताप गेला, सुटलो.
आता ह्या यादीकडं तीन नंबरच्या पोराच्या जागेवरून बघा. ठिपके त्याला दिसणार नाहीत. शीचा रंग दिसणार नाही. साधा डिजिटल थर्मामीटर त्याला वाचता येणार नाही. चाकावरची ताईंना डेंग्यू झाला तर पोटात दुखतंय हे त्यांना कदाचित कळणारच नाही. गोदाकाठच्या टेलरमामांना उलट्या होऊ लागल्या तर ते १०८ ला फोन करून काय बोलणार? म्हणजे आमची यादी सगळं दिसणाऱ्या, ऐकणाऱ्या, जाणवणाऱ्या माणसासाठी लिहिलेली आहे. वीस वर्षं मी ती तशीच वाचून दाखवत आलो.
म्हणून ताप असेल तर दिवसातून दोनदा एका माणसानं, त्याची परवानगी घेऊन, उजेडात अंग आणि हिरड्या बघायच्या, थर्मामीटर वाचून सांगायचा आणि दिवसात लघवी किती वेळा झाली ते विचारायचं. पाच मिनिटांचं काम आहे. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन, कॉम्बिफ्लॅम नाही, रक्तस्राव वाढू शकतो. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेल्यांनी तर पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल हे रक्ताचे आजारसुद्धा २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत येतात, दिसायला धडधाकट असतात म्हणून शेजाऱ्यांना माहीतच नसतं.
फिट येणाऱ्यांनी तापात गोळी बंद करायची नाही, उलटीतून गोळी पडली तर डॉक्टरला विचारा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला, साथ आहे म्हणून हात लावायला घाबरू नका, मास्क घाला, नंतर हात साबणानं धुवा. मला चार दिवसांच्या तापापेक्षा त्या चार दिवसांत झालेल्या पाठीवरच्या जखमेनं आलेले पेशंट जास्त दिवस भरती ठेवावे लागलेत.

परभणीचा_वाडामालक
डॉक्टर साहेब, हे मला २०२० ला कुणी सांगितलं असतं तर मास्तरांना मी जाऊ दिलं नसतं. ते बहिणीकडं गेले, तिथं जिना होता. वरच राहिले साडेतीन महिने. परत आले तेव्हा म्हणले, खाली उतरलोच नाही एकदाबी. मी तेव्हा त्यावर काही बोललो नाही.

चाकावरची
काका, आज बोललात ना. मास्तर अजून आहेत तुमच्याकडं?

परभणीचा_वाडामालक
हाव. पहिल्या खोलीत.

बालाघाट
कायद्याचा विषय निघालाय म्हणून. मी ग्रामपंचायतीत काम करतो, बीड जिल्हा. २०१६ च्या कायद्यात कलम ८ आहे, संकटाच्या, आपत्तीच्या काळात दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीनं संरक्षण. लॉकडाऊन लागल्यावर २६ मार्च २०२० ला केंद्राच्या दिव्यांग विभागानं सूचना काढल्या होत्या, त्यात दिव्यांगांच्या काळजीवाहकांना ये-जा करायला सूट किंवा पास द्या असं स्पष्ट होतं. मी तो कागद मोबाइलमधे ठेवून नाक्यावर दाखवून एका आजारी मुलाच्या मावशीला गावात आणलं होतं. चालला कागद.
दुसरं म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. लोक हे मागतच नाहीत, मागितलं तरी वर्षाअखेर घाईघाईत वाटप होतं. त्यातून कमोड खुर्ची, मच्छरदाणी, वॉकर मागा. अर्ज लेखी द्या आन् पोच घ्या. पाऊस सुरू व्हायच्या आधी द्या.

नुसताच_वाचक
पोच घ्या हे दहा वेळा लिहा.

कापूसवेचणी
मी एवढ्या वेळ वाचत होते, आता लिहिते. माझा मुलगा बौद्धिक अक्षम आहे, आता एकोणीस वर्षांचा. आम्ही बीडला चाळीसारख्या एका रांगेत राहतो, आठ कुटुंबं, अंगण एकच. कोरोनात त्याला मास्क घालायचा म्हणलं की ओरबाडून फेकायचा, रोजच्या टायमाला अंगणात जाता आलं नाही की डोकं भिंतीवर. शेजारच्या म्हणायच्या आवरा त्याला. त्यांचंबी चूक नव्हतं, घरात म्हातारी माणसं होती त्यांच्या.
पोळा आला. मातीचे बैल आणले होते, त्याला बैल लई आवडतेत. मी दोन्ही बैलांना चिंधीचे मास्क शिवले. त्यानं बघितलं, हसला, आन् स्वतःच्या तोंडाला हात लावून दाखवला, मला पण. त्या दिवसापासून बैल खिडकीत, बैलांना मास्क असला की ह्यालाबी असणार. मग शेजारणींशी बोलून टाइम ठरवला, सकाळी सात ते साडेसात अंगण फक्त त्याचं. बाकीच्या दारं लावून घ्यायच्या. दीड वर्ष चाललं ते, एकीनंबी मोडलं नाही. त्यातली एक बाई गेल्या साली वारली, मी तिला आईसारखं मानलं.
जुलै-ऑगस्ट २०२३ ला डोळे आले होते ना सगळीकडं, तेव्हा मात्र त्याला डोळे चोळू नको हे काही केल्या समजेना. मग टॉवेल, उशी, सगळं त्याचं वेगळ्या रंगाचं केलं, पिवळं. पिवळ्याला कुणी हात लावायचा नाही. डोळे नुसते बघून येत नसतेत, हात-टॉवेलातून येतेत, हे शेजारच्यांना डॉक्टरकडून सांगून घेतलं, नाहीतर पोराला बघून तोंडं फिरवायचे.

तूरडाळ
कापूसवेचणी ताई, त्या बैलांचा फोटो टाका ना. बैलांना मास्क घालणारी माय आमच्या मराठवाड्यातच मिळणार.

आशा_कळंबची
ताई, मी हे आमच्या बैठकीत सांगणार, तुमची परवानगी असली तर.
गॅस्ट्रोचं एक राहिलं. आता महालक्ष्म्या तोंडावर आल्यात, पंगती उठतील, पाणी सगळ्यांचं एकाच टाकीतून. सामाईक टाकीला टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर टाकलं का ते विचारत जा, हजार लिटरला पाच ग्रॅम, अर्धा तास थांबून मगच वापरायचं. जुलाब लागले की लगेच ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आन् अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. ज्याला स्वतः उठून पाणी घेता येत नाही त्याच्या हाताजवळ भरून ठेवा, नुसतं 'पीत राहा' म्हणून दार लोटून जाऊ नका. आन् जुलाबाच्या साथीत सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका, साबण-पाणी. व्हीलचेअरची चाकं हातानं फिरवतात, त्या रिंगापण पुसून घ्या.

रानजाई
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी तीन नंबरच्या दारात जाऊन बसले. हा धागा त्याला वाचून दाखवते म्हणलं तर म्हणला ताई मला लिंक द्या, मी ऐकतो माझा. मालकांनाही बोलावून घेतलं. डॉक्टरांचा पहिला प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला, ते म्हणले मला वाटायचं ताप हवेतून पसरतो. एवढंच होतं मनात त्यांच्या. मग म्हणले राहू द्या.
तिसरा रिपोर्ट पण पॉझिटिव्ह आला, वरच्या वहिनींचा. त्यांना मच्छरदाणी दिलीय. बाकी तो स्वतःच लिहितो म्हणलाय.

तीन_नंबर
नमस्कार. टॉकबॅकवर, म्हणजे मोबाइल स्क्रीनवरचं वाचून दाखवतो त्यावर, अख्खा धागा ऐकला, दोनदा. बल्बवालं तर तीनदा.
ताईंनी विचारलं जायचंय का, तर नाही जायचं. आई म्हणते ये, पण परीक्षा झाल्यावर जाईन. मला ताप नाही अजून. आला तर लपवणार नाही, हे सगळ्यांसमोर सांगतो, कारण मागच्या वर्षी मी लपवला होता. वाटलं कळलं की काढून देतील.
मेसचा डबा वरचे दादा आणून देणार आहेत, त्याचे पैसे मी मेसवाल्याला ऑनलाइन देतो. डॉक्टर, ठिपके बघायला ताई आहेत. हिरड्यांचं मला कळतं, रक्ताची चव लगेच लागते जिभेला. पिण्याच्या घागरीच्या गळ्याला मी सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलंय म्हणजे वापरायच्या पाण्यात आन् तिच्यात गफलत होत नाही, ते कुणी काढू नका.
एकच सांगायचं होतं. परवा सगळ्यांनी घाईघाईत चौक धुतला, चांगलंच केलं, पण ड्रम, बादल्या, सायकल सगळं हललं. सकाळी संडासला जाताना दोनदा आपटलो, गुडघा सुजलाय. माझं सगळं पावलांवर आहे. साथ आली की लोक सामान हलवतात आन् मला माझा वाडाच सापडत नाही. बुधवारचा कोरडा दिवस ठरलाय त्यात मी काठ घासायला येतो, काथ्या माझ्याकडं द्या, बोटांना अंड्यांचा खरखरीतपणा कळतो का बघू. फक्त झाल्यावर माझा ड्रम होता तिथंच ठेवा. नळापासून चार पावलं, डाव्या हाताला, भिंतीला चिटकून.

परभणीचा_वाडामालक
चार पावलं, डाव्या हाताला. आमच्या मास्तरांनाबी विचारतो आज, त्यांची कुबडी कुठं अडती ते.